वापरलेले, स्वच्छ

पुंडेबाईंच्या घरी मी तीन दिवस यादी लिहीत होतो.
सहकारनगर, दुसरा मजला, गॅलरीतून तळजाईची झाडं.
वस्तू, नग, किंमत, किती वर्षं वापरली.
बजरंग आणि इस्माईल गुंडाळायचे,
मी खोक्यावर आकडा टाकायचो.

पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवला:
वर्षाहून जास्त वापरलेल्याला जकात नाही,
नव्याची पावती दाखवा, कर भरा.
म्हणजे जुन्याला मान आहे म्हणायचा तिकडे, बाई म्हणाल्या,
आणि लक्ष्मी रोडवरनं मुद्दाम आणलेला कुकर
शेजारी तांबटांच्या सुनेला देऊन आल्या.

केरसुणी नाही. लोणचं नाही, तूप नाही.
मोरपीस नाही.
तुळशीच्या मातीचं तर नावच काढू नका.
लाकडी मुसळ चाललं, कीड नाही असं मी लिहून दिलं.
रांगोळीच्या डब्यावर लिहिलं:
दगडाची पूड, पांढरी, जमिनीवर चित्रं काढण्यासाठी.
कशाला काढता म्हणून विचारतील, बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, त्याला रकाना नाही.

पोळपाटाच्या पायाशी, फटीत, कणीक वाळून बसलेली.
ती त्यांनी सुईनं कोरून काढली
चष्मा कपाळावर सारून.

मग माळ्यावरून बूट निघाले. साहेबांचे.
साहेब म्हणजे वीज मंडळातले पुंडे,
दर रविवारी सिंहगड. जाऊन सहा वर्षं झाली.
तळव्याच्या खाचांत माती, विटेसारखी.
मी पान पुढे केलं: माती नको, कणभरही.
राहू द्या इथंच, असं म्हणालो नाही.
बरेच जण तसंही ठेवून जातात.

बाई बूट घेऊन मोरीत बसल्या.
दात घासायचा जुना ब्रश, निरम्याची पुडी.
पहिलं पाणी तांबडं. दुसरं चहासारखं.
तिसऱ्या बादलीला म्हणाल्या,
हे कात्रजहून चालत गेले होते तेव्हाचं असणार,
आणि जाळीतून ते खाली जाताना बघत राहिल्या.
इस्माईल टेपची गुंडाळी घेऊन दारात उभा होता.
टेप फाडायचा आवाज
त्यानं तेवढा वेळ केला नाही.

एक्केचाळीस. बूट, एक जोड, वापरलेले, स्वच्छ.
किंमत?
कमीत कमी काय लिहिता तुम्ही?
शंभर लिहिले.

दोन महिन्यांनी फुरसुंगीच्या ऑफिसात मेल आला
मेलबर्न बंदरातून, फोटोसकट.
बुटाची जीभ उलटी केलेली,
नाडीच्या भोकाशी एक कुसळ.
वनस्पतीजन्य पदार्थ. मालकानं कळवावं:
धुरी द्यायची, जाळायचं, की परत पाठवायचं.
खर्च तिन्हीचा मालकाकडे.

मी फोन लावला. त्यांची संध्याकाळ,
माझा डबा नुकताच उघडलेला.
बाई आधी हसल्या, चांगल्या मोठ्यानं.
अहो खिलारे, एवढं थोरलं मुसळ गेलं की सुटून!
आणि कुसळ दिसलं होय त्यांना?

मग बराच वेळ काही नाही.
मग, कुसळं पावसाळा सरल्यावर धरतात ना?
म्हणजे दिवाळीच्या आगेमागे गेले असतील.
म्हणजे शेवटचंच का हो ते?
मला विचारत होत्या.
मला काय माहीत.

परत पाठवायला किती पडतील?
बूट नाही म्हणत मी. कुसळ तेवढं.

तसा दर आमच्याकडे नाही.
तरी पत्रक दोनदा वरून खाली पाहिलं.
धुरी, सहा हजार दोनशे. बाई बरं म्हणाल्या.
मी खूण करून फॉर्म पाठवला.

भाकरी गार झाली होती.
गोडाऊनमागच्या गवतातून येतो मी रोज.
पँटची मुडपी उलटून पाहिली,
तर दोन होती.